तीन उड्यांच्या अंगणासाठी यंत्र

एका जंगलात, जिथं हल्ली झाडांपेक्षा पाट्या जास्त आहेत, धुंडिराज नावाचा ससा राहत होता.

मुलांनो, नीट बसा. भिंतीला टेकू नका. मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत. विचारलेत, तर मी गोष्ट सोडून सतराचा पाढा विचारीन.

तर धुंडिराज. जंगलाच्या मोजणी खात्यातून तो नुकताच निवृत्त झाला होता. तीस वर्षं त्यानं लोकांच्या जमिनी उड्या मारून मोजल्या होत्या. त्याचं स्वतःचं घर म्हणजे एक बीळ, आणि बिळापुढे एक अंगण. तीन उड्या लांब, दोन उड्या रुंद. अंगणात हिरवंगार, लुसलुशीत गवत.

तुमच्या मनात आलं असेल, की मग हा ससा ते गवत खात का नव्हता? खात होता, पण पूर्वी. आता त्याचं गवत बाजारातून यायचं. धुतलेलं, निवडलेलं, पुड्यात बांधलेलं. चांगल्या वस्तीतल्या सशानं आपल्याच दारात खाली वाकून चरावं, हे बरं दिसत नव्हतं.

एके दिवशी त्याच्या लेकीचं पत्र आलं. लेकीचं नाव बकुळ. तिला ओढ्यापलीकडे दिली होती. पहिलटकरीण होती, आणि बाळंतपणाला माहेरी येणार होती.

तिनं लिहिलं होतं, "आई, बाबा, इथं सगळे माझे फार लाड करतात. पण गवत पुड्यातलंच. मला आपल्या अंगणातल्या गवतात तोंड खुपसून खावंसं वाटतंय. दुसरे कसले डोहाळेच नाहीत. आणि पिल्लंही मी त्या गवतातच घालणार. पंधरा दिवसांनी येते. सासूबाई आणि मामंजी सोडायला येतील."

सशांचा सगळा मामला महिनाभरातच आटोपतो. म्हणून ससे कायम घाईत असतात.

सगुणाबाईंनी, म्हणजे धुंडिराजच्या बायकोनं, पत्र तीनदा वाचलं आणि पदरानं डोळे पुसले. धुंडिराजनं ते एकदाच वाचलं. त्याच्या डोक्यात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

"व्याही येणार!" तो ओरडला. "आणि अंगणाचा हा अवतार! काय म्हणतील ते? गवत एकसारखं कापलेलं हवं. गालिच्यासारखं. आपण यंत्र घेऊ!"

"अहो, पोरीला ते गवत खायचंय," सगुणाबाई म्हणाल्या.

"खाऊ दे ना. पण कापलेलं खाऊ दे. हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय."

आणि तो खरंच तिच्यासाठी करत होता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. जंगलातले बरेचसे घोटाळे लेकरांच्या मायेपोटीच होतात, म्हणून सांगतो.

कुंपणापलीकडे ठकूमावशी शेळी राहायची. तिच्या स्वतःच्या अंगणात गवत गळ्यापर्यंत आलेलं होतं, कारण शेळीला घरचं कधी गोड लागत नाही. ती साऱ्या गावभर चरून यायची. तिनं कुंपणावरून मान काढली.

"भाऊजी, यंत्र कशाला हवंय? मी येते की दुपारची. वरवर चरून देते. चार बोटं ठेवायचं म्हणालात, तर चारच ठेवीन. साडेतीन नाही."

"तसं नको, मावशी," धुंडिराज म्हणाला. "आपण आता जरा पुढं जायला हवं."

"जा बाई पुढं," ठकूमावशी म्हणाली, आणि बोलता बोलता कुंपणाची एक फांदी खाऊन टाकली.

आता यंत्र घ्यायचं म्हणजे चौकशी आली. चौकशीशिवाय त्या जंगलात कोणी झाडूसुद्धा घेत नसे. धुंडिराज रोज सकाळी पाणवठ्यावर जाऊन उभा राहू लागला.

"पेट्रोलचं घ्या," हत्ती म्हणाला. "दम असतो. घरातल्या लोकांना कळतं, काहीतरी चाललंय."

"तुमच्याकडे कुठलं आहे?"

"माझ्याकडे नाही. मी नुसता चालत गेलो तरी गवत खाली बसतं."

"बॅटरीचं घ्या," माकड म्हणालं. "आवाज नाही, धूर नाही. माझ्या साडूनं घेतलंय."

"कसं चालतं?"

"साडूशी बोलणं नाही सध्या."

"हातानं ढकलायचं घ्या," कासव म्हणालं. "साधं. पेट्रोल नको, वायर नको. लहान अंगणाला तेच बरं. मी वीस वर्षं वापरतोय."

"आणि अंगण किती कापून झालं?"

"निम्मं," कासव अभिमानानं म्हणालं.

बरोबर उत्तर कासवाचं होतं, मुलांनो. पण बरोबर उत्तर फार हळू बोललं, तर कोण ऐकतं?

या चौकशीत आठ दिवस गेले. धुंडिराजनं केळीच्या पानावर मोठा तक्ता केला. पात्याची धार, चाकांची उंची, दांड्याची पकड, गवत गोळा करायची पिशवी, वायरची लांबी, शेजाऱ्यांची मतं, शेजाऱ्यांच्या साडूंची मतं. तक्त्यात सगळं होतं. अंगणाचं माप तेवढं नव्हतं. ते तर त्याला पाठच होतं.

नवव्या दिवशी नवरा-बायको दुकानात गेले. दुकान कोल्ह्याचं होतं. कोल्हा दारातच नमस्कार करून उभा होता. दोघांना त्यानं आधी बसवलं, मग गाजराचा रस दिला. सगुणाबाईंनी पेला तसाच खाली ठेवला. रस पाजणारा दुकानदार खिसा हलका केल्याशिवाय सोडत नाही.

"अंगण केवढं?" कोल्ह्यानं विचारलं.

"तीन उड्या लांब, दोन उड्या रुंद."

"आज," कोल्हा म्हणाला.

"म्हणजे?"

"आज तेवढं आहे. उद्याचं कोणी पाहिलंय, साहेब? वस्तू घेताना जरा वाढत्या मापाची घ्यावी."

धुंडिराजचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. हे तर त्याच्या मनातलंच होतं! त्याच्या घरात सगळं वाढत्या मापाचं घ्यायची पद्धत होती. बकुळचा शाळेचा गणवेशही असाच घेतला होता. पहिलीत ती बाह्या तीनदा दुमडून गेली. चौथीत तो अंगाला नीट बसला, आणि त्याच आठवड्यात कोपरावर फाटला. बुटांत तर कापूस कोंबूनच तिचं बालपण गेलं.

"अहो," सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "अंगण काय पोर आहे का वाढायला?"

"तू थांब गं. पुढचा विचार करावा लागतो."

कोल्ह्यानं मागचा पडदा सरकवला. तिथं ऐरावत उभं होतं. ऐरावत हे यंत्राचं नाव. हत्तीला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण ते वेगळं प्रकरण आहे. यंत्राला चार चाकं होती, बसायला गुबगुबीत खुर्ची होती, पुढे दिवा होता आणि पाण्याचा पेला ठेवायला खळगासुद्धा होता.

"एका दमात अख्खं माळरान कापतं," कोल्हा म्हणाला. "आणि यावर स्टीलचा डबा मोफत. ढकलायच्या यंत्रावर डबा नाही."

धुंडिराजनं सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाई खाली बघत होत्या. मग धुंडिराजनं डब्याकडे पाहिलं. डबा चकाकत होता. झाकणसुद्धा घट्ट बसत होतं.

"द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन बैल ऐरावत ओढत घेऊन आले. फाटकातून ते जाईना. म्हणून फाटक काढलं. मग खांब काढले. मग पुढचं कुंपण काढलं. सगळ्यांनी "हं, हं, डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे!" असा आरडाओरडा केला, आणि शेवटी ऐरावत एकदाचं आत शिरलं.

पुढची चाकं बिळाच्या पायरीला टेकली. मागची चाकं रस्त्याच्या कडेला टेकली. दोन्ही अंगांना मिळून अर्धी उडी जागा उरली. ना पुढे जाता येई, ना मागे, ना वळता येई. सगळं गवत त्याच्या पोटाखाली गेलं.

"किती शोभून दिसतंय!" धुंडिराज म्हणाला. घरात जाण्यासाठी त्याला आता यंत्राखालून सरपटावं लागत होतं. तो आनंदानं सरपटला.

मग पूजा झाली. ऐरावतवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घातला. नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं, पण यंत्राला पुढं सरकायलाच जागा नव्हती. सगळे थोडा वेळ लिंबाकडे बघत उभे राहिले. अखेर ठकूमावशीनं लिंबू उचलून खाल्लं, आणि वर हारही खाल्ला.

"सुरू करून बघा तरी," ती तोंड पुसत म्हणाली.

"छे! व्याह्यांच्या समोर सुरू करायचं," धुंडिराज म्हणाला. खुर्चीवरचा प्लॅस्टिकचा कागदही त्यानं काढू दिला नाही. कागद काढला की वस्तू जुनी होते.

दोन दिवसांनी आभाळ भरून आलं. धुंडिराजच्या जिवाचं पाणी झालं. ऐरावत भिजलं तर? त्यानं घाईघाईनं वर पत्रा घातला. पत्र्यामुळे ऊन येईना, म्हणून पोटाखालचं गवत पिवळं पडलं. माती ओलसर राहू लागली, आणि चाकं रुतू लागली.

"यंत्राबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय," धुंडिराज म्हणाला. "यंत्र सपाट आणि कोरड्या जागी ठेवावं."

त्यानं घुशींना बोलावलं. घुशी फरशीचं काम फार सफाईनं करत. त्यांनी ऐरावतला पाचरा लावून उचललं, खालचं सगळं खरवडून काढलं, आणि फरशी बसवायला घेतली.

तेव्हा सगुणाबाई बाहेर आल्या. "अहो, एवढा एक कोपरा राहू द्या. पोरगी गवतासाठी येतेय."

"एका कोपऱ्यानं काय होणार? आणि फरशी वाकडी दिसेल. गवत मी आणतो ना. ताजं पुडकं आणतो. दोन आणतो!"

सगुणाबाईंना रडू आलं. सशिणी रडताना आवाज करत नाहीत, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. घुशींनी कोपरासुद्धा चोख भरून काढला.

पंधराव्या दिवशी बकुळ आली. पोट एवढं मोठं, की उडी मारणं सोडा, ती डुलत डुलत चालत होती. मागून सासू-सासरे. वाटभर ती त्यांना सांगत आली होती, "आमच्या अंगणात शिरलं ना, की आधी पायांना गार लागतं."

ती आली आणि थबकली.

सासरे मात्र थबकले नाहीत. ते धावतच पुढे गेले आणि ऐरावतवर चढून बसले. "वा, व्याही! काय वस्तू आहे! पेट्रोल किती लागतं?"

"अजून चालवलं नाही."

"मग नवंच आहे की! अगं, बघितलंस का? दिवापण आहे!"

सासूबाईंनी डबा उघडून पाहिला, बंद करून पाहिला, आणि विहीणबाईंना विचारलं, की असे आणखी मिळतात का.

"बाबा," बकुळ म्हणाली, "गवत कुठंय?"

"हे यंत्र आहे ना, बाळ. तुझ्यासाठीच घेतलं."

"ते गवत देतं?"

"देत नाही. कापतं."

"काय कापतं?"

तीस वर्षं सगळ्या जंगलाची मोजणी केलेला धुंडिराज खाली बघू लागला. खाली फरशी होती. सपाट आणि कोरडी.

"पुडकी आणलीत मी," तो म्हणाला. "दोन."

तेवढ्यात बकुळनं पोट धरलं. तिनं फरशीवर एक पाय टेकला, लगेच उचलला, दुसरा टेकला. बसायला जागा नव्हती. ती आईकडे बघू लागली. सगुणाबाईंनी तिचा हात धरला. तिला घेऊन त्या थेट कुंपणापलीकडे गेल्या.

"या गं या!" ठकूमावशीनं फाटक शिंगांनीच उघडलं. "माझ्या अंगणाला नावं ठेवत होतात ना सगळे? शिर आत, पोरी. हवं तिथं बस. हवं तेवढं खा."

बकुळनं त्या उंच गवतात तोंड खुपसलं आणि मनसोक्त खाल्लं. दुपारपर्यंत तिला सात पिल्लं झाली. सातही गुबगुबीत.

धुंडिराज इकडे व्याह्यांना दिवा लावून दाखवत होता. चिंचिं आवाज कानावर आला, तसा तो सगळं टाकून पळाला. यंत्राखालून सरपटला, कुंपणाला जाऊन चिकटला, आणि त्यानं पाहिलं. गवतात त्याची लेक दमून पडली होती, आणि तिच्या कुशीत इवल्या इवल्या कानांच्या सात जोड्या हलत होत्या.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. तुझ्यासारखीच दिसतात गं, असं म्हणायचं होतं. एकाला तरी हातात दे, म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"बकुळ," तो म्हणाला, "इथं गवत बरंच माजलंय. ऐरावत आणू का?"

बकुळनं बापाकडे पाहिलं. ती रागावली नाही. तिनं हात लांब केला, आजूबाजूचं गवत पिल्लांवर ओढून घेतलं, आणि पिल्लं दिसेनाशी झाली.

तात्पर्य : अंगण लहान असेल, तर गवत कापायचं यंत्र मोठ्यात मोठं घ्यावं. गवताची कटकट कायमची मिटते. लेक शेजारी जाते, हे खरं. पण लेकी काय, कुठं ना कुठं जायच्याच असतात. यंत्र मात्र जन्मभर दारातून हलत नाही.