धनेशाचं पाकीट

"पोस्टाचं सगळं माझ्याकडे सोपवा आणि बिनघोर राहा!" धाकट्या बहिणीच्या, चैत्रालीच्या, लग्नपत्रिका ताब्यात घेत आनंदने जाहीर केलं. बरोबरच होतं म्हणा! पोस्टाच्या तिकिटांबद्दल अख्ख्या भोरात त्याला कोण शिकवणार? पक्ष्यांच्या छायाचित्रांची विशेष तिकिटं तो कॉलेजपासून जमवत होता. आता तर पुण्याच्या प्रदर्शनात त्याचा संग्रह पहिल्यांदाच मांडला जाणार होता. तिकीट तो चिमट्यानेच उचलायचा. पोटच्या पोरालाही त्याने इतकं जपून उचललं नव्हतं!

पत्रिका मात्र टेबलावरच राहिल्या. शेवटी कंटाळून बायकोने, प्रेरणाने, त्या पोस्टात टाकल्या.

पुढच्या आठवड्यात आनंदने अल्बम उघडला आणि किंचाळला, "माझा धनेश कुठंय? खंड्या? तांबट?"

"वेल्ह्याला गेले," प्रेरणा भाकरी थापत म्हणाली. "तुमचं आपलं 'टाकतो, टाकतो' चाललं होतं. घरात तिकिटं होती, लावली पत्रिकांना. छान दिसत होती हो!"

आनंदने तडक गाडीला किक मारली. गुंजवण्यात मानसिंगमामांनी पत्रिका हळदकुंकवासकट देव्हाऱ्यात ठेवली होती. पाकिटावर धनेश ऐटीत बसलेला!

"मामा, पाकीट परत द्या. मोठी चूक झालीय!"

"परत? आरं पर लगीन..."

"नंतर सांगतो, उशीर होतोय!"

पुढच्या प्रत्येक घरी हेच. संध्याकाळपर्यंत सगळे पक्षी पिशवीत. पोस्टाचे शिक्के बसले होते, पण पक्षी तर सलामत होते! शीळ घालत तो घरी पोचला.

चैत्राली रडून लाल झालेली. आंबवड्याहून व्याह्यांचा फोन येऊन गेला होता: "पत्रिका माघारी नेताय म्हणं! आमच्या पोरात काय खोट दिसली?"

आता तुम्हीच सांगा, देवापुढची पत्रिका कोणी परत नेली तर लोकांनी काय समजायचं? लग्न मोडलं, दुसरं काय! मामांनी एकच फोन केला होता. बाकीचं गावोगावच्या मोबाईलांनी पार पाडलं.

"दादा, माझ्यापेक्षा ती पाखरं मोठी?" चैत्रालीने विचारलं.

सकाळी आनंद पुन्हा निघाला. आधी आंबवड्याला जाऊन व्याह्यांचे पाय धरले. मग दारोदार जाऊन पाकिटाला नवं कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि खरी हकीकत सांगितली.

"ह्या टिकटापायी?" मामा धनेशाकडे बघतच राहिले. "म्या राती जेवलो न्हाई की रं!"

आनंदने पाकीट पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. जीव तुटला, पण ठेवलं. प्रदर्शन हातचं गेलं होतं.

लग्नाला झाडून सगळे आले. मोडलेलं लग्न लागतं कसं, ते बघायला न बोलावलेलेही आले! अक्षता पडल्या आणि मामांनी आनंदच्या हातात आहेर ठेवला. तेच पाकीट!

"समद्यांस्नी सांगितलंय म्या, आहेर ह्याच पाकिटातनं करायचा. तुजा जीव अडकलाय न्हवं त्यात!"

आनंदचे डोळे भरून आले. पुसून पाहतो तर काय! आहेराच्या पाकिटावर नाव घालायची पद्धत, आणि मामांचं नाव लांबलचक. ते धनेशाच्या चोचीतून शिरून शेपटीतून बाहेर पडलं होतं. पानशेतच्या धोंडाबाईंनी तर खंड्याच्या पोटावर ठसठशीत 'शुभाशीर्वाद' लिहवून घेतला होता!

आनंदने पाकिटं तशीच पुण्यात मांडली, खाली सगळी हकीकत लिहून. गर्दी हटेना! मुख्य परीक्षक तर तिथेच खिळले. आनंदने छाती काढली. धनेशाचं घरटं, खाणं, उडणं, सगळी उत्तरं तोंडपाठ होती.

"तिकिटांचं राहू द्या हो," परीक्षक हळूच म्हणाले. "व्याही बोलतात का तुमच्याशी?"

आनंदने बोट दाखवलं. पाकिटांशेजारी एक फेटेवाले गृहस्थ सकाळपासून उभे होते आणि येईल त्याला थांबवून सांगत होते, "वाचलं न्हवं समदं? आमच्या पोरात कायबी खोट नव्हती बरं का!"