कांदेनवमीच्या आधीचं वांगं

एप्रिल-मे महिन्यात चौधरी काकांच्या गाडीत मागच्या सीटवर जागा मागू नये. तिथे वांगी बसलेली असतात. म्हणजे वांग्यांची रोपं, कुंड्यांमध्ये, सीटबेल्ट लावून. काचा बंद करून काका गाडी उन्हात उभी करतात आणि ऊन सरकलं की गाडीही सरकवतात. मी एकदा विचारलं, "काका, घरात खिडकीपाशी ठेवली तर नाही का चालत?"

"खिडकीतून उजेड येतो भो. ऊब गाडीतच मिळते."

काका मूळचे भुसावळचे. शिकागोजवळच्या आमच्या गावात त्यांची नोकरी झाली, निवृत्ती झाली, पण इथल्या उन्हाला त्यांनी अजून ऊन म्हणून मान्यता दिलेली नाही. जुलैत मी घाम पुसत असतो आणि ते वर बोट करून म्हणतात, "हे काय ऊन आहे का? ही ट्यूबलाइट आहे."

कळंबच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी इथे आलो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मला दुकानात नेऊन जाड कोट घ्यायला लावणारे आणि गाडी शिकवणारे हेच काका. त्यामुळे त्यांनी हाक मारली की मी जातो. हाक बहुतेक वेळा मातीकामासाठीच असते.

गावाबाहेरच्या माळावर भाजी लावायला जागेचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात. तिथे झाड नाही, भिंत नाही. वारा मक्याच्या शेतांवरून सरळ अंगावर येतो. शहाणी माणसं तिथे कोबी लावतात. काका भरताची मोठी वांगी लावतात. वारा अडवायला त्यांनी बांबू रोवून चारही बाजूंनी काकूंच्या जुन्या साड्या ताणून बांधल्या आहेत. पहिल्या वर्षी शेजारच्या तुकड्यातल्या लिंडाबाईंनी अदबीनं विचारलं, "इथे लग्न आहे का?"

"नॉट येट," काका म्हणाले. "ब्राइड इज स्मॉल."

साड्यांच्या आत काळ्या रंगाने रंगवलेले, पाण्याने भरलेले तेलाचे डबे. दिवसा तापायचं आणि रात्री रोपांना ऊब द्यायची, ही त्यांची ड्यूटी. सकाळी आल्यावर काका तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात मातीला लावतात आणि निराश होऊन सांगतात, "अंग गारच आहे अजून."

एवढं करून वांगी धरायची ऑगस्टमध्ये. मात्र तेव्हा भरपूर यायची. काका ती आम्हा सगळ्यांना वाटून टाकायचे, पण चेहरा असा, की नापासाचे निकाल वाटताहेत. स्वतः तर ते वांगं खातच नाहीत, घशाला खाज सुटते. मला वाटायचं, रिटायर माणसाची हौस आहे, दुसरं काय.

या वर्षी नवं कॅलेंडर घरात आलं आणि काकांचा फोन आला. "अधिक महिना आहे यंदा. एकादशी पुढे गेली. डेडलाइन एक्स्टेंड झालीय रे."

वांग्याचा आणि एकादशीचा संबंध मला कळेना. तो मे महिन्यात, माळावर डबे वाहताना कळला.

"तुझी काकू चातुर्मास पाळते," काका म्हणाले. "आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमी येते. त्या दिवशी शेवटचं वांगं खायचं, मग पार चंपाषष्ठीपर्यंत बंद. इथे वांगं येतं ऑगस्टात. आणि चंपाषष्ठीला इथे काय असतं?"

"बर्फ."

"हां. एकदा भरीत करताना म्हणाली, झाडावरून काढून लगेच भाजलेल्या वांग्याची चव विसरले मी. बोलून गेली आणि पोळ्या लाटायला लागली. तिच्या आता लक्षातही नसेल."

"मग काका, सांगा ना काकूंना, एखाद्या वर्षी सोडा नियम म्हणून."

काकांनी डबा खाली ठेवला. "माझी बायपास झाली ना, तेव्हा धरलाय तिनं तो. मी कुठल्या तोंडानं सांगू?" मग साडीची गाठ आवळत म्हणाले, "तिचा नियम काही हलायचा नाही. म्हणून ऊन हलवायचं चाललंय."

जूनमध्ये वादळी वाऱ्याने एका बाजूच्या साड्या उडवून नेल्या आणि बरीचशी फुलं गळली. कांदेनवमीला सगळ्या झाडांत मिळून एकच वांगं काढण्याजोगं होतं, माझ्या मुठीएवढं. काकांनी ते कात्रीने देठासकट कापलं, रुमालात गुंडाळलं आणि घराच्या दारापाशी आल्यावर माझ्या हातात दिलं.

"तू दे तिला."

"अहो काका, तुम्ही द्या."

"मी दिलं तर मला काहीतरी बोलावं लागेल," असं म्हणून ते पाठ फिरवून हिरवळीकडे बघत उभे राहिले.

काकू कांदाभजी तळत होत्या. मी रुमाल उघडला. त्यांनी हात पुसून वांगं घेतलं, थोडा वेळ तळहातावर तसंच धरलं. "गरम आहे अजून," म्हणाल्या. खिडकीतून बाहेरची पाठ त्यांना दिसत होती. मग त्यांनी कढई उतरवली, वांग्याला तेलाचं बोट फिरवलं आणि ते आचेवर ठेवलं.

"सांग त्यांना, माझ्या नवमीला वांगं पोचलं म्हणावं."

मी बाहेर येऊन निरोप दिला.

"भाजतेय?" काकांनी विचारलं.

"भाजताहेत."

काकांनी हाताची माती झटकली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि दार उघडं असतानाही, पाहुण्यासारखी, स्वतःच्याच घराची बेल वाजवली.