बेशुद्ध आईसाहेब

आमच्या शेजारचे दळवी कादंबरी लिहितात तेव्हा कुणाशी बोलत नाहीत आणि मालिका लिहितात तेव्हा कुणाला सोडत नाहीत. कर्जतजवळच्या कडावला आमच्या दोघांत एकच कुंपण, त्यामुळे मालिकेचा ताप मला. सकाळी फुलं काढायला बाहेर पडलो की पलीकडून हुकूम येतो, "पाटील, तुम्ही सासरे. सून घर सोडून गेलीय. बोला." मी हिशेब तपासणारा माणूस. म्हणालो, पोलिसांत तक्रार द्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "माझा अख्खा आठवडा तुम्ही एका वाक्यात संपवलात."

त्यांच्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. चांगल्या आहेत आणि लहान आहेत. त्यांत माणूस पान उलटेपर्यंत मरतो. मालिकेत मात्र त्यांनी आईसाहेबांना गणपतीच्या आधी जिन्यावरून पाडलं, आणि होळी उलटली तरी त्या बेशुद्धच. नाकात नळी, कपाळावर टिकली जागच्या जागी. मी विचारलं, इतके महिने डोक्याची पट्टी तीच कशी? "प्रेक्षकांची श्रद्धा," म्हणाले. अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर.

दूध घालायला येणारी हौसाबाई त्यांना फाटकातच अडवायची. "दादा, म्हातारीला उटवा नायतर जाऊ द्या. आमी किती जीव टांगून बसायचं?"

वाहिनीचंही म्हणणं तेच. या आठवड्यात आईसाहेब उठतील किंवा जातील, नाहीतर लेखक जाईल. तुमचं घर मालिकेवर चालतं, कादंबऱ्यांवर नाही, हे मी दळवींना स्पष्ट सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पाटील, आईसाहेबांचं काम करणाऱ्या बाईंना आता वाक्य पाठ होत नाही. उठवलं तर बोलावं लागेल. मारलं तर घरी बसतील, आणि घरी कुणी नाही. सेटवर निदान रोज कुणीतरी हात धरून 'आई' म्हणतं."



त्या आठवड्यातही दळवींनी आईसाहेबांना झोपवूनच ठेवलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या लेखकाने पहिल्याच भागात आईसाहेबांच्या फोटोला हार घातला. हौसाबाई दळवींवरच रुसली.

रविवारी त्यांच्या दाराशी कर्जत स्टेशनवरून रिक्षा आली. दळवींनी एका वृद्ध बाईंना उतरवून घेतलं. नाकात नळी नव्हती, पण कपाळावरच्या टिकलीवरून मी ओळखलं. कुठे आलो हे त्यांना आठवत नसावं. त्या इकडे तिकडे बघत राहिल्या. दळवींनी त्यांचा हात धरला.

"आई, इथे पायरी आहे," ते म्हणाले. "सावकाश."