झुंबरआत्याचं गाणं आणि आमचा बहिष्कार

साहेब, तुम्ही खोटारडे आहात! रोज सकाळी तुमच्या मोबाइल ॲपवर ‘लोकांची आवड’ म्हणून पन्नास गाण्यांची यादी लावता. तिच्यात लोकही नसतात आणि आवडही नसते. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे रागाच्या भरातच लिहितोय, पण पुराव्यानिशी! कारण तुमच्या यादीतला एक नंबर मी स्वतः, या दोन हातांनी लावलाय. आणि तो चुकीच्या माणसाला लागला!

वाचकहो, तुम्ही साक्षीला बसा. पहिल्यापासून सांगतो.

माझी आत्या झुंबरबाई धुळ्याला देवपुरात राहते. चाळीस वर्षं हळदीत गाते. विहिणीला टोमणे मारणारं एक गाणं तिने स्वतः रचलंय, ‘याहीन, तुन्हा मांडा कच्चा शे व माय’. आधी विहिणीचा मांडा, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, कच्चा निघतो, मग एकेक करत तिचं सगळं खानदान कच्चं निघतं. अशी सोळा कडवी! एक विहीण तर आठव्या कडव्याला उठली आणि थेट चाळीसगाव स्टेशनावर जाऊन बसली होती. एवढं दर्जेदार गाणं!

माझ्या बायकोने, दिपमालाने, दोन वर्षांपूर्वी त्याचा व्हिडिओ काढून तुमच्याच ॲपवर टाकला. चारशे बारा जणांनी पाहिला. त्यातला एक मुंबईचा, काळ्या चष्म्याचा गायक निघाला. त्याने गाणं उचललं, खाली ढुमढुम लावली, आत्याचं नाव पुसलं आणि स्वतःचं टाकलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिल्याने काय होतं ते मला आता कळलंय.

गाणं तुमच्या यादीत अडतीसवर आलं. आणि त्याच महिन्यात चाळीसगावच्या एका हळदीत आत्याने तोंड उघडलं, तर नवरीची मैत्रीण म्हणते, “आजी, ते मोबाइलमधलं नको ना! तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणा!”

स्वतःच्याच गाण्याची नक्कल केल्याचा आरोप! आत्या घरी आली आणि ढोलकी माळ्यावर टाकली. म्हणाली, “गाणं मन्हं शे हाई लोकेसले समजत नही, तोवर मी गावाव नही!”

आणि पंधरा दिवसांवर तिच्याच नातीची, प्राचीची हळद! पोरगी रडायला लागली. आजी गाणार नसेल तर ती हळद कसली, नुसतं अंगाला मसाला चोळणं!

मी छाती ठोकून म्हणालो, “आत्या, आठ दिवस दे. त्या चोराला यादीतून असा खाली ओढतो की त्याची सख्खी आई त्याला ओळखणार नाही!”

जळगावला माझा मित्र राकेश रिक्षा चालवतो. त्याच्याकडे तेवीस व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. रिक्षावाले, दालमिलवाले, भजनी मंडळ, झालंच तर ‘फक्त सुविचार’. आम्ही एकच मेसेज सोडला. खान्देशच्या माणसा, झुंबरबाईचं खरं गाणं ऐक आणि त्या चोराचा निषेध कर! खाली दोन लिंका, एक आत्याची, एक चोराची. चोराची कशाला दिली? निषेध करायला पत्ता नको का?

खान्देश पेटला! राकेशचा तासाला फोन. “पितांबरभाऊ, पब्लिक गरम शे!”

दोन दिवसांनी मी आत्याच्या व्हिडिओचा आकडा पाहिला. चारशे बाराचे चारशे एकोणचाळीस.

“राकेश, सत्तावीस? फक्त सत्तावीस?”

“कसं काय, भाऊ? इथे एका दालमिलमध्येच दोनशे जणांनी ऐकलं! पोती खाली ठेवून ऐकलं!”

“किती मोबाइलवर?”

“एका. भोंग्याला जोडला होता ना. सगळ्यांनी कशाला डेटा जाळायचा?”

ऐका साहेब! आमच्याकडे आवडलेलं गाणं एकट्याने ऐकत नाहीत. कानात बोंडं घालून एकटा बसला तर माणसं कपाळाला हात लावून ताप बघतात!

शिव्या मात्र ज्याच्या त्याच्या! शिवी भोंग्यावरून सामुदायिक देता येत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवर चोराचं गाणं उघडलं. काय काय चोरलंय ते कळावं म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. मग शिवी लिहिली. शेजाऱ्याची शिवी जास्त भारी दिसली म्हणून परत आला, परत ऐकलं, सुधारून लिहिली. भजनी मंडळाने तर चालीत बसवून पाठवली!

बुधवारी तुमच्या यादीतला चोराचा आकडा अडतीसवरून एकवीस झाला. गुरुवारी नऊ.

“अहो,” दिपमालाने विचारलं, “नऊ म्हणजे वर की खाली?”

“खाली! अडतीस होता, नऊ उरला. घसरतोय, दिसत नाही?” आणि राकेशला फोन लावला, “अजून जोर लावा!”

शनिवारी तो एकवर आला. मी पेढे आणले. उद्या शून्य!

दिपमालाने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. “अहो, तुमचा शाळेत कधी पहिला नंबर आलाच नाही का हो?”

मी पेढ्याचा पुडा बंद केला.

संध्याकाळी चोराचा व्हिडिओ आला. काळा चष्मा काढलेला, डोळ्यांत पाणी. “थँक यू, खान्देश! जळगाव आणि धुळ्याने मला जे प्रेम दिलं, जे हजारो मेसेज पाठवले...” त्या मेसेजांत काय होतं ते त्याला कुठे कळणार? अहिराणी त्याला येतेच कुठे!

प्राचीच्या हळदीत डीजेवाल्याने अर्थातच एक नंबरचं गाणं लावलं. आत्या कोपऱ्यात बसली होती. ती ताडकन उठली.

“मन्हाच मांडवमा, मन्हंच गाणं, अन् आवाज त्या भामटाना?”

वायर उपटली! ढोलकी मागवली! सोळाच्या सोळा कडवी म्हटली, आणि सतरावं तिथल्या तिथे जोडलं, माझ्याकडे बोट करून:

“भाचा मन्हा शाना व माय, चोरले घोडावर बसाडस!”

मांडव हसून लोळला. प्राची तर हळदीच्या पाटावरून घसरली. माझी सासू जेवढी हसली तेवढी हसायची गरज नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मी खूश होतो, साहेब! आत्या परत गायली होती. दिपमालाने सगळं मोबाइलवर घेतलं, खाली ‘झुंबरबाईचं गाणं, खुद्द झुंबरबाईच्या आवाजात’ असं लिहून टाकलं. अकरा मिनिटांत तुमची नोटीस आली. हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, म्हणून काढून टाकलं. मालक कोण? काळा चष्मा!

सोळा कडवी त्याची, हे एक वेळ धरू. पण सतरावं? त्यातला भाचा मी आहे! म्हणजे आता मीसुद्धा त्याच्या मालकीचा?

आत्याला पुढच्या सोमवारी एका हळदीचं बोलावणं आलंय. ढोलकी मांडीवर घेऊन ती मला विचारते, “पितांबर, मन्हं गाणं गावाले आते मी कोनले इचारू?”

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही सांगा, साहेब! कोणाला विचारायचं तिने? सोमवारच्या आत उत्तर पाहिजे!