दोन आण्यांची काटेरी बाग

त्या दिवशी ऊन सकाळी आठलाच येऊन बसलं होतं. आकाश पितळी परातीसारखं पांढरंपिवळं, वारा आदल्या रात्रीच कुठेतरी निघून गेलेला. गल्लीतली कुत्री ओट्याखाली शिरली होती आणि कोंबड्या कुत्र्यांच्या अंगाच्या सावलीत बसल्या होत्या. कुणाची कुणाशी भांडायची ताकद नव्हती. अशा उन्हात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पडलो.

कारण आमची मंदा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली. जळगावला दिली आहे तिला. घर चांगलं, जावई गरीब स्वभावाचा, पण सासूच्या जिभेला सुट्टी नसते. झोके झाले, गाणी झाली, सांजोऱ्या संपल्या, आणि अखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ताटावर बसून पोर म्हणाली, "आबा, परवा माले लेवाले येतीन. जावाना आधी काहीतरी तिकिटनं दखाडा."

"किल्ला दाखवतो की पारोळ्याचा," मी म्हणालो.

"किल्ला फुकट शे."

हे खरं होतं. किल्ला फुकट, त्यामुळे तिथे शेळ्यांखेरीज कुणी जात नसे. मंदाची सासू तिला दर वेळी विचारायची, तुझ्या माहेराकडे पाहण्यासारखं आहे तरी काय, धूळ? यंदा तर मंदा निघताना ती म्हणाली होती, "जाऊन ये, धूळ नीट मोजून ये." पोरगी हसत सांगत होती, पण भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. तिला जळगावला परत जाऊन एकदा, फक्त एकदा, म्हणायचं होतं की आम्ही तिकीट काढून आत गेलो.

आमचा शेजारी उखर्डू ओट्यावरून सगळं ऐकत होता. (तो ओट्यावर नसला तर ओटा पडेल, असं गावात म्हणतात.) तो म्हणाला, "आबा, पारोळाले दोन ठिकाणं नवी निंघेल शेतस. दोन्ही वाळवंटनी. तुम्ही पहिले दखी या, पैसा वसूल व्हतस का. मंग बठ्ठाच, सगळी गल्ली, जासुत."

मलाच का, तर मी सावकाश माणूस. बाजारात एक वांगं घ्यायचं तरी टोपली पालथी घालतो. बेबाबाईने, म्हणजे माझ्या घरच्यांनी, उपरण्याच्या टोकाला आठ आणे बांधले, नीट दोन गाठी मारून, आणि मी मोटारीने पारोळ्याला उतरलो.

पहिलं ठिकाण बाजाराच्या मागे. एका गृहस्थाने बोरी नदीची वाळू आणून अंगणभर पसरली होती, मधे चार शिंदीची झाडं रोवली होती आणि एक उंट बांधला होता. तिकीट एक आणा. आता वैशाखात पारोळ्याच्या माणसाला वाळवंट दाखवायचं म्हणजे पुरात उभ्या माणसाला पेलाभर पाणी विकण्यासारखं झालं. तरी मी आणा दिला आणि तासभर पाहिलं. वाळू ओळखीची होती. उंट तर दर हिवाळ्यात आमच्या शिवारातून काठेवाडी लोक फुकट नेतात. मी उंटाकडे पाहिलं, उंटाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरून असं वाटलं की आणा त्याने दिला होता आणि तो वाया गेला.

ते ठिकाण मी रद्द केलं.

दुसरं धुळ्याच्या रस्त्याला, गावाबाहेर. फाटकावर बोर्ड. मी शाळेची पायरी चढलेलो नाही, म्हणून आतल्या खुर्चीवरच्या साहेबांनी तो वाचून दाखवला, "वाळवंटी बाग. प्रवेश दोन आणे." हे गिरधरसाहेब. जंगल खात्यात रेंजर होते, पेन्शन घेऊन इथे बाग केली. तिकीट फाडून देतानाही त्यांनी ते सलाम केल्यासारखं दिलं. गुलाबी तिकीट, त्यावर शिक्का! माझ्या मनात आलं, मंदाला हे पाहिजे.

"आरामात पाहा," साहेब म्हणाले. "मी जरा आडवा होतो."

मी आत गेलो.

बाग कसली! इकडून तिकडे नुसता निवडुंग. फड्या, गोल, लांब, केसाळ, एकावर एक चढलेला. वाफे सुंदर बांधलेले, पाट आखलेले, कडेला चुना, आणि वाफ्यांत एक गुलाब नाही, एक झेंडू नाही, सगळं निवडुंगाने गिळलेलं. मला साहेबांची दया आली. बिचारा एकटा माणूस, पेन्शनीत गडी कुठून ठेवणार? आणि आमच्यासारख्यांना निवडुंग म्हणजे काय ते विचारा. माझ्या लहानपणी फड्याने आमची सहा बिघे जमीन खाल्ली होती. बाप आणि मी, चार उन्हाळे खणत होतो. बाप सांगायचा, घाई करायची नाही, मूळ तुटलं तर पुढच्या वर्षी त्याचं कुटुंब येतं.

लिंबाखाली कुदळ पडली होती. मी पाहिलं, साहेब घोरत होते. उठवावं तर पाप. म्हटलं, दोन आणे दिले आहेत, माणसाच्या काहीतरी उपयोगी पडावं. उद्या लेकी-सुना येतील, त्यांना बसायला जागा तरी होईल.

धोतराचा काचा मारला आणि लागलो.

सावकाश. एकेक रोप चहूबाजूंनी मोकळं करायचं, उपरणं गुंडाळायचं, हलवत हलवत अख्खं काढायचं, माती झटकायची आणि मुळं वर करून भिंतीशी उन्हात वाळत घालायचं. प्रत्येकाजवळ सागवानी फळीचा तुकडा रोवलेला होता, वर काहीतरी लिहिलेलं. चांगलं लाकूड! चुलीला कामी येईल म्हणून ते मी वेगळे रचून ठेवले. (माणसाने दुसऱ्याच्या घरी नासधूस करू नये.) ऊन कलेपर्यंत पाच वाफे आरशासारखे स्वच्छ झाले. मी घाम पुसला, पाण्याच्या रांजणाजवळ बसलो आणि साहेब उठून खूश होण्याची वाट पाहू लागलो.

साहेब उठले. चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाग कुठे गेली?"

"तीच तर मोकळी केली साहेब. आता दिसते बघा."

"हे... हे कुणी उपटलं?"

"मीच. मजुरी नको, काही नको."

साहेब भिंतीकडे धावले आणि एका केसाळ निवडुंगापाशी गुडघ्यावर बसले. "अरे, हा कच्छहून मी मांडीवर घेऊन आणला! तीन गाड्या बदलून! मांडीला अजून काटे आहेत!"

"मांडीवर कशाला, साहेब? आधी सांगितलं असतं तर आमच्या बांधावरून गाडीभर आणून दिला असता."

हे बोलायला नको होतं. साहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची बैलगाडी थांबली. निवडुंग हीच बाग होती. ते गवत नव्हतं. लोक ते पाहायलाच पैसे देत होते. हे सगळं माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला (मी सावकाश माणूस, हे आधी सांगितलंच). शिरलं तेव्हा मी कान धरले आणि खाली बसलो.

"बाग बंद!" साहेब म्हणाले. "पूर्वीसारखी होईपर्यंत फाटकाला कुलूप!"

परवा मंदा जाणार. आणि तिच्या तिकिटाला मी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं.

साहेब एकेक रोप उलटंपालटं करून पाहत होते. पाहता पाहता त्यांचा आवाज उतरला. "एकही मूळ तुटलेलं नाही," ते म्हणाले. "आमचा माळी काढतो तेव्हा निम्मं मूळ जमिनीत राहतं. म्हातारबा, जसं उपटता येतं तसं लावताही येतं का?"

"माहीत नाही साहेब. जन्मात कुणी लावायला सांगितलं नाही."

घरी पोचलो तर सगळी गल्ली निकालासाठी जमलेली. हाताला तेल लावत, काटे काढत मी खरं ते सांगितलं. बेबाबाईने सुई खाली ठेवली. "तुम्ही देवळात गयात तर शेंदूर खरडी ईशात!" ती म्हणाली. सगळे हसले. मंदा हसली नाही. ती उंबऱ्याशी बसून पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत होती. मला वाटलं, त्या उंटाजवळ वाळूत पुरून घ्यावं.

मग तीच म्हणाली, "आबा, त्या झाडे मरी गयात का?"

"निवडुंग मरतो होय, पोरी? आम्ही चार उन्हाळे प्रयत्न केला."

"मंग आपण लावू ना!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तीन बैलगाड्या निघाल्या. मंदा, तिच्या माहेरवाशीण मैत्रिणी, बेबाबाई आणि मैत्रिणींच्या आया, मिळून अकरा बायका, सोबत विळे, टोपल्या, भाकरी आणि कैरीची चटणी. साहेबांनी फाटक उघडलं, गाड्या पाहिल्या आणि पेटीतून तिकिटांचं पुस्तक काढलं.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "आम्ही कामाला आलो आहोत."

"प्रवेश तो प्रवेश," साहेब म्हणाले. सरकारी माणूस, त्यांचा इलाज नव्हता. मी पुढे होऊन काही बोलणार, तोच मंदाने हात पुढे केला. तिकीट! तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि पदराला गाठ मारली. मग मी बारा तिकिटं काढली.

काय सांगू, असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. मी खड्डे करायचो, बायका रोपं बसवायच्या, आणि हात चालले की तोंडं कशी बंद राहतील? अखाजीची गाणी सुरू झाली. गौराई, झोका, शंकरजी, सगळे त्या निवडुंगात आले. कुणाला काटा टोचला की ओरड आणि तिच्यावर दहा जणींचं हसू. मंदा चौथी शिकलेली. ती फळ्या वाचायची आणि साहेबांना विचारायची, "ही कोणती?" साहेब डोकं खाजवायचे. मुळं वर केल्यावर त्यांनाही ओळखू येईना. शेवटी मंदानेच वाटण्या केल्या. उंच तो राजस्थानचा, केसाळ तो कच्छचा, आणि जो जास्त टोचला तो विलायती.

गाणी ऐकून रस्त्यावरची मोटार थांबली. माणसं उतरली, तिकिटं काढून आत आली. मग आणखी आली. मंदा पदर खोचून पुढे, लोक तिच्यामागे. "हातले लावू नका हां, हाई विलायती शे!" दुपारपर्यंत साहेबांची पेटी भरली. निघताना त्यांनी तिला पत्र्याच्या डब्यात लावलेलं एक गोल, टपोरं, चहूबाजूंनी काटेरी रोप दिलं.

"सासूबाईसले देसू," मंदा म्हणाली, फार मायेने. मी आणि बेबाबाईने एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

गाडी घरी येईपर्यंत ती त्या तिकिटाच्या गाठीवर हात ठेवून होती. आणि माझी छाती अशी फुगलेली की बैलांना गाडी जड जात असावी. ओट्यावर उखर्डू होताच.

"दोन आणे वसूल!" मी लांबूनच ओरडलो. "पहिल्या दिवशी मी सगळं उपटलं, आज सगळ्यांनी मिळून लावलं. तिकीट काढून!"

उखर्डूने माझ्या काटे भरलेल्या हातांकडे पाहिलं, मातीने भरलेल्या अकरा बायकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा, मना वावरमा अजून कापूसन्या बठ्ठ्या पऱ्हाट्या उपटाले उभ्या शेतस. उद्या बठ्ठासले ली या. तिकीट एकच आना ठेवसू."