‘महाग’ या शब्दाची रीतसर चौकशी

मुलुंडच्या एकाच शाळेत, मागच्या दोन बाकांवर वाढलेल्या आम्हा चौघांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे : मी, हर्षद, नमिता आणि किरण. पस्तिशी उलटली, तरी दर शनिवारी दुपारी आपापल्या घरून आम्ही ऑनलाइन गेम खेळतो. मार्चमध्ये नवा गेम आला. चौघांनी मिळून एक होडी वल्हवत समुद्र पार करायचा, प्रत्येकाच्या हाती एक वल्हं. किंमत माणशी ४,९९९ रुपये. मी लिंक टाकली. हर्षदने दोनच शब्द लिहिले : ‘महाग आहे.’

मी एका कचेरीत आहे. माझ्या टेबलावरून कुठलाही कागद शेऱ्याशिवाय पुढे सरकत नाही, मग हा कसा सरकेल? मी लिहिलं : ‘किंमत ४,९९९ ही वस्तुस्थिती. महाग हे तुझं वैयक्तिक मत. कृपया सरमिसळ करू नये.’

‘मेल्या, पाच हजार आहेत ते!’

‘४,९९९,’ मी लिहिलं. एका रुपयाने का होईना, तो खोटा पडला होता आणि मला बरं वाटलं होतं.

मग किरणने भांडुपहून हिशेब पाठवला. गेम ऐंशी तास चालतो, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये, मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त. नमिताने वीस रुपयांच्या वडापावाने भागून पाहिलं. अडीचशे वडापाव येत होते, फक्त अडीचशेव्याला एक रुपया कमी पडत होता. हा रुपया कोणी भरायचा, यावर एक दिवस गेला.

गोंधळ वाढू नये म्हणून मी नियम केला. यापुढे प्रत्येक मेसेजच्या शेवटी कंसात ‘मत’ किंवा ‘वस्तुस्थिती’ लिहिणं बंधनकारक. दुसऱ्याच दिवशी नमिताने ‘गुड मॉर्निंग (वस्तुस्थिती)’ पाठवलं. मी परत केलं. मॉर्निंग मान्य, गुडला पुरावा नाही. बुधवारी किरणने लिहिलं, ‘शॉर्टसर्किट झालंय, बिल्डिंगमध्ये धूर आहे.’ मी विचारलं, धूर दिसतो, पण शॉर्टसर्किट हा इलेक्ट्रिशियनचा अहवाल आहे की अंदाज? तासाभराने खालून, रस्त्यावरून, त्याचं उत्तर आलं : ‘अंदाज (मत).’ शिस्त लागत होती.

हर्षद मात्र कंस लिहीत नव्हता. त्याला मी सात दिवसांची मुदत दिली : महाग असल्याचं सिद्ध कर, नाहीतर शब्द मागे घे.

सहाव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. ‘सर्वेश, महाग म्हणजे मला परवडत नाही रे. जानेवारीपासून घरी बसलोय. (वस्तुस्थिती.)’

पहिल्यांदाच त्याने कंस बरोबर वापरला होता. मी कौतुकाचा अंगठा दिला आणि लिहिलं, ‘पुरावा जोडावा.’

त्याने कंपनीच्या पत्राचा फोटो जोडला. मी तो मोठा करून तपासला. सही होती, तारीख होती, शिक्का जरा पुसट होता, तो मी चालवून घेतला. मग आदेश काढला : ‘सदर गेम हर्षदपुरता महाग असल्याचे ग्राह्य धरण्यात येत आहे. प्रकरण निकाली.’

किरणने टाळ्या दिल्या, नमिताने फुलं. पाच मिनिटांनी हर्षद ग्रुप सोडून गेला. जाताना त्याने कंस लिहिला नाही, हे मी नमूद करून ठेवलं.

शनिवारी आम्ही तिघांनी गेम विकत घेतला. होडीत बसलो. उजवीकडे दोन वल्ही, डावीकडे एक. होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. आम्ही जोर लावला. ती जोरात फिरू लागली.

रुचिरा, माझी बायको, चहा घेऊन आली आणि बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली.

‘कुठे चाललायत?’

‘चौथा माणूस लागतो गं.’

‘मग परत करा ना गेम.’

‘दोन तासांच्या आत करता येतो.’

‘आणि?’

‘अडीच तास झाले फिरतोय.’

तिने कप ठेवला. ‘तिघांनी मिळून हर्षदभाऊजींना घेऊन दिला असता तर? आणि गेमचं जाऊ दे. नोकरी गेल्याचं कळल्यावर एकाने तरी फोन केला का त्यांना?’

‘त्याचं पत्र मी स्वतः तपासलं,’ मी म्हणालो.

संध्याकाळी मी हर्षदला फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून म्हणालो, ‘गेम महागच होता रे.’

पलीकडे कढईत काहीतरी तडतडत होतं. ‘पुरावा जोड,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एवढं वाचून तुम्ही मला मनातल्या मनात नावं ठेवली असतील, आणि ते योग्यच आहे. पण खरं सांगा, चार हजार नऊशे नव्व्याण्णव जास्त की वाजवी, हे तुम्हीही मघाशी ठरवून टाकलंत ना? वडापावाचा भागाकारही करून पाहिला असेल. हर्षदला नोकरी लागली का, हे मात्र तुम्ही अजून विचारलेलं नाही. या, बसा होडीत. एक वल्हं रिकामंच आहे.