दौलू हवालदारांची टेप

दौलू हवालदारांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी छाती मोजली. तीही टेपने नाही, नुसत्या नजरेने. मी सोलापुरात नवा होतो. गिरणीच्या हजेरी खात्यात कारकून म्हणून लागलो होतो आणि पत्र्याची ट्रंक घेऊन चाळीत शिरत होतो. माझ्या समोरच्या खोलीच्या दारात खाकी अर्धी चड्डी, वर बंडी आणि पायात पलटणीचे बूट घातलेला पंचेचाळिशीचा एक माणूस येरझाऱ्या घालत होता. तो थबकला. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "पाच फूट सात. छाती एकतीस. नापास." मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "पुढला."

मागे माझी वळकटी घेतलेला हमाल होता. तोही नापास झाला.

हवालदार मूळचे मोडनिंबकडचे. मोठ्या लढाईच्या वेळी पलटणीत होते, नंतर पेन्शनीत निघाले आणि आमच्या गिरणीच्या गेटावर लागले. गिरणीने त्यांना एक स्टूल दिलं होतं. त्या स्टुलावर त्यांचा भाकरीचा डबा बसायचा, हवालदार कधी बसले नाहीत. जेवत ते उभ्याने. चाळीत भजन असलं की सगळ्यांच्या मागे भिंतीलगत इकडून तिकडे चालत टाळ वाजवत. न्हावी त्यांची दाढी उभ्यानेच करायचा, आणि न्हावी ठेंगणा असल्यामुळे तो विटेवर उभा राहायचा. "बसा की हो घटकाभर," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "नगं. बसलं की इचार येत्यात."

रविवारी सकाळी त्यांच्या दारात खरी मजा असे. वर्षातून एकदोनदा पलटणीची भरती पार्टी स्टेशनाजवळच्या मैदानात तंबू ठोकायची. पण खेड्यापाड्यांतून आलेले तरुण आधी हवालदारांकडे यायचे, कारण सायबापुढे उघडं उभं राहून हसं करून घेण्यापेक्षा इथे अंदाज घेतलेला बरा. लढाईत हवालदार स्वतः भरती पार्टीत मापं घेत असत, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांच्या चौकटीवर उंचीची चुन्याची रेघ होती आणि कमरेला चामड्याच्या पाकिटात टेप. ती टेप ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

"हात वर. श्वास भरा. सोडा. तीस. नापास. पुढला."

मी त्या चाळीत राहिलो तेवढ्या काळात हवालदारांच्या टेपने एकही माणूस पास केला नाही. तालमीतले पैलवान नापास झाले. चाळीचे मालक नापास झाले, आणि त्यांना तर भरतीही व्हायचं नव्हतं. एकदा शेजारच्या लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला बाजूला घेऊन माप लावलं आणि "अठ्ठावीस" असं एवढ्या मोठ्याने जाहीर केलं की मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. लग्न लागलं, पण सासऱ्याने जावयाला दूध सुरू केलं म्हणतात.

नापास झालेल्यांना हवालदार रिकाम्या हाताने परत पाठवत नसत. ते त्यांना माझ्याकडे आणून उभे करत. "कारकून, ह्याला बदलीवर घाला की. पोरगं कामाचं हाय." गिरणीत बदलीवर म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, त्या दिवसापुरतं. सोमवारी सकाळी माझ्या खिडकीशी सात-आठ नापास छात्या उभ्या असायच्या. दोघातिघांना काम मिळायचं. बाकीचे कुठे जायचे, ते मी कधी विचारलं नाही. मला माझंच दुःख मोठं होतं.

माझं दुःख म्हणजे कंटाळा. सकाळी भोंगा झाला की हजर, गैरहजर, उशिरा. दुपारी पुन्हा हजर, गैरहजर, उशिरा. वय तेवीस, अंगात रग, आणि करायचं काय, तर रूळ धरून रेघा मारायच्या. वडील मोहोळजवळच्या गावी थोडी बागायत राखून होते. आम्ही धड पाटील नाही आणि धड कुळवाडीही नाही, असे मधले. पलटणीचं नाव काढलं की वडील म्हणत, "ज्यांच्या कणगीत दाणा नाही त्यांनी जावं. आपल्या घरातला माणूस पोटासाठी बंदूक धरत नाही." कारकुनीही पोटासाठीच करायची असते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

अशात एक दिवस चाळीपुढे मोटार थांबली. एका इनामदारांचे चिरंजीव उतरले. हिंदी लोकांना पलटणीत साहेब होता येईल असं नुकतंच निघालं होतं. चिरंजीव त्या परीक्षेला जाणार होते आणि मुलाखतीआधी त्यांना सलाम ठोकायला आणि ताठ उभं राहायला शिकायचं होतं. अंगाने ते इतके बारीक, की कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. मी आशेने हवालदारांच्या कमरेकडे बघत राहिलो. हवालदारांनी पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. तासभर सलाम शिकवला आणि मोटारीपर्यंत पोचवून आले.

"टेप का नाही लावली?" मी विचारलं.

"सायबाची छाती कोण मोजत न्हाय, कारकून. त्येच्या बापाचं रान मोजत्यात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा काटकुळा साहेब होणार आणि मी मलखांब केलेल्या दंडांनी रूळ धरणार. मॅट्रिकला गणितात आपटलो होतो, त्यामुळे साहेब होणं नशिबात नव्हतं. पण शिपाई तरी होता येईल. वडिलांना पत्र टाकायचं ते बसऱ्याहून नाहीतर पेशावरहून. रविवारी मी सदरा काढला आणि चौकटीत जाऊन उभा राहिलो.

हवालदार क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग टेप काढली. "उंची पास. हात वर. भरा. साडेएकतीस. तेहेतीस मागत्यात. नापास. पुढला."

पुढला कुणी नव्हता. मी एकटाच होतो.

त्या दिवसापासून मी वेड्यासारखा जोर-बैठका काढू लागलो. पहाटे तालीम, वर अर्धा शेर दूध, खानावळीत पोळ्यांचा ढीग. माझ्याकडे बघून खानावळवाली दार लावायची बाकी होती. महिन्याला एकदा टेप. बत्तीस. साडेबत्तीस. आठ महिन्यांनी साडेतेहेतीस भरली तेव्हा मी चौकटीतच उडी मारली. हवालदार पाठ फिरवून येरझाऱ्या घालू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता चौतीस मागत्यात. नवा कायदा आलाय."

मी विश्वास ठेवला. सगळेच ठेवत. करकंबचा एकजण तेवढा नापास होऊनही हट्टाने स्टेशनावर गेला आणि पास होऊन आला, तेव्हा हवालदारांनी सांगितलं की सायबाची टेप जुनी होऊन सैल पडली आहे. आख्ख्या चाळीला ते पटलं.

हवालदारांचं बिंग फुटायला कारण झाला माझा साखरपुडा. वडिलांनी परस्पर मुलगी ठरवली आणि कोट शिवून घे म्हणून कळवलं. चौकातल्या म्हाताऱ्या शिंपीचाचांनी माझ्या छातीभोवती टेप फिरवली आणि सांगितलं, "छत्तीस."

"साडेतेहेतीस," मी म्हणालो.

"छत्तीस है, कारकूनसाब."

"चाचा, माझी छाती मला माहीत आहे. आठ महिने मोजतोय."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपका छाती आपको मालूम. मेरा टेप मेरेकू मालूम. ये झूट नै बोलता." आणि पुन्हा मोजून दाखवली. छत्तीस.

मी कोटाचं कापड तसंच टाकून निघालो. भरती पार्टी आलेली होती आणि तिचा तो शेवटचा दिवस होता. दुपारच्या गाडीने तंबू उठणार होता. आठ महिने या माणसाने मला बनवलं, या एकाच विचाराने माझं डोकं भणभणत होतं. चाळीत पोचलो तेव्हा हवालदार दारात येरझाऱ्या घालत होते आणि मोडनिंबकडची दोन पोरं गाठोडी घेऊन भिंतीशी उभी होती.

"टेप द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाकीट उघडलं. टेप हातात घेतल्यावर लगेच दिसलं. जिथे एकाचा आकडा सुरू व्हायला हवा त्याच्याआधी खाकी कापडाची पट्टी जोडलेली होती. बारीक टाक्यांनी, नीट. माप घेताना तिच्यावर नेहमी हवालदारांचा अंगठा असायचा.

"हे काय आहे?"

"अडीच इंच."

ते मला आत घेऊन गेले. आतही ते चालतच होते. खोली चार पावलांची, त्यामुळे चार पावलं गेली की ते वळायचे.

"नामा माझा धाकटा भाऊ. घरात खाणारी नऊ तोंडं, रान दोन एकर. लढाईच्या टायमाला आमची पार्टी गावात आली. मापाला मीच. नामा रांगंत हुबा. म्हणला, दादा, मलाबी घाल. छाती भरंना. अडीच इंच कमी. सायेब मागं हुबा हुता. म्या टेपला चिमटा घेतला, अडीच इंच आंगठ्याखाली दाबलं, आन म्हणलं, पास. पुढला." चार पावलं. "बसऱ्याला गेला. गोळीबी न्हाय लागली. हगवणीनं गेला, पहिल्याच उन्हाळ्यात. जेवढं दाबलं हुतं तेवढं हितं जोडलंय."

मी पट्टीवरून बोट फिरवलं. पण राग पुरता उतरला नव्हता. "माझ्या घरी नऊ तोंडं नाहीत," मी म्हणालो. "मला का अडवलंत?"

"म्हणूनच की. ह्यास्नी जायाला कारण तरी हाय." त्यांनी बाहेरच्या दोघांकडे हात केला. "तरीबी अडवतो. ह्यातली किती उपाशी ऱ्हायली असतील, त्येचं पाप माझ्यावरच हाय, ते काय मला कळत न्हाय व्हय? तुमी तर निस्तं कंटाळा आला म्हणून निघालाव, कारकून."

ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

हवालदारांनी फळीवरची कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुमी शिकलेलं हायसा. काढायचं तर टाकं काढा, म्या आडवा येनार न्हाय. ठेसन लांब न्हाय."  

मी कात्री घेऊन फळीवर परत ठेवली आणि टेप त्यांच्या हातात दिली. मग सदरा काढला आणि चौकटीत जाऊन हात वर केले.

हवालदार टेप घेऊन आले. "कुठनं मोजू?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज मोजता तिथून."

त्यांनी पट्टीवर अंगठा ठेवला, टेप फिरवली आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. "साडेतेहेतीस," ते म्हणाले. "नापास."

आणि ते उंबऱ्यावर बसले. इतक्या दिवसांत दौलू हवालदारांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. टेप मांडीवर घेऊन ते नुसते बसून राहिले. भिंतीशी मोडनिंबकडची ती दोघं अजून वाट बघत होती, आणि पुढचा शब्द काही हवालदारांच्या तोंडून येईना.

मी त्यांच्या हातातून टेप घेतली, पट्टीवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "पुढला."